इंगळे काकांची वेल

आमच्या शेजारचे इंगळे काका पावसाळ्यात छत्री घेऊन जंगलात जातात आणि भिजून परत येतात. छत्री शेळ्यांसाठी असते. शेळी दिसली की ते ती फाडकन उघडतात. शेळी पळते, तिच्यामागे शेळीवाला शिव्या देत पळतो.

काका एसटीच्या चौकशी खिडकीतून निवृत्त झाले. जन्मभर लोकांनी त्यांना विचारलं, आता ते लोकांना विचारतात. आमच्या पिंपळगाव राजा गावामागच्या जंगलात त्यांना झुडपावर चढलेली एक नाजूक वेल दिसली. नाव कळेना. मग मोबाइलवर तिचं पान दाखवत त्यांनी कोणालाच सोडलं नाही. "चौकशीले पैसे लागत नाही," म्हणत पंगतीत वाढप्याला अडवलं. माझ्या आजोबांच्या तेरवीला भटजींना विचारलं, "महाराज, हे पान पाह्यलं काय कुठं?"

भटजी म्हणाले, "पूजेत लागत नाही."

काका खूश! "बरं झालं. नाहीतर तोडून नेलं असतं."

शेवटी वेलीला फूल आलं. हिरवट, इवल्याशा कंदिलासारखं. अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी फोटो पाहून सांगितलं, "कंदीलपुष्प आहे. दुर्मिळ. जपा."

झालं. गावाला जपण्याचा झटका आला. संवर्धन समिती निघाली. दुकानाची पाटी दिसत नाही म्हणून ज्यांनी रस्त्याकडेचा कडुलिंब पाडला होता, तेच अध्यक्ष. बॅनरवर अध्यक्षांचा चेहरा टोपलीएवढा, फूल तिळाएवढं. वेलीसमोर नारळ फोडायचा, फोटो काढायचा, काकांना शाल द्यायची असं ठरलं.

त्या सकाळी निम्मं गाव बॅण्ड लावून काकांच्या मागे निघालं. जंगलाच्या तोंडाशीच एका कुंपणापाशी काका थांबले. "हेच थे." अध्यक्षांनी वेलीला हार घातला. फोटोच्या रेटारेटीत वेल पायाखाली चिरडली.

मी वाकून पाहिलं. रानतोंडली!

"काका, अहो, ही तर..."

"चूप बस बे," काका पुटपुटले आणि त्यांनी शालीसाठी खांदे पुढे केले.

पेपरातला फोटो पाहून प्राध्यापकांनी अध्यक्षांना फोन केला. गावभर हसं झालं. काकांना लोक 'तोंडलीवाले' म्हणू लागले. अध्यक्षांनी शाल परत मागवली, काकांनी इस्त्री करून पाठवली.

मी म्हणालो, "काका, खरं काय ते सांगून टाका ना."

"काऊन? पुन्हा नारळ घेऊन येतीन ना थे!"

पुढच्या रविवारी ते मला आत, दूरवर घेऊन गेले. खरी वेल तिथे होती. फूल गळून गेलं होतं. चिटपाखरू नव्हतं, शेळी तर नाहीच.

"वेल खायला इथवर शेळ्या येत नाहीत काका. रोज कशाला येता?"

काका वेलीचं सुटलेलं टोक फांदीवर टेकवत राहिले.

"सारं जंगल धुंडलं. हिच्यासारखी दुसरी सापडली नाही. एकटीच हाये," ते म्हणाले. "म्हून बसतो घडीभर."

काकू गेल्यापासून त्यांच्या घरातून फक्त रेडिओचा आवाज येतो. आमची भिंत एकच.

काकांनी बाजूच्या दगडावरचा पाला हाताने झाडला.

"बस ना," ते म्हणाले. "घाई हाये काय?"