खरात सरांचा फ्रिज

खरात सर लग्नाला जाताना खिशात चमचा घेऊन जात. जेवायला नव्हे, माती उकरायला. अंबडच्या एका लग्नात वरात दारात आली तेव्हा सर मांडवामागच्या उकिरड्याजवळ उकिडवे बसलेले. नवरीच्या मामांनी विचारलं, "काय हरवलं का सर?" सर म्हणाले, "हरवलं न्हाई, हुडकून राह्यलो."

हुडकत होते विषाणू. मातीत राहणारे, जिवाणूंना खाणारे. आमच्या जालन्याच्या कॉलेजात सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, शेजारच्या वर्गात मी भौतिकशास्त्र. त्यांची पोरं शेतातली माती आणत, पाण्यात घोळून गाळत आणि जिवाणू वाढवलेल्या बशीत ते पाणी टाकत. सकाळी जिवाणूंच्या दुधाळ थरावर भोकं दिसली की विषाणू सापडला! मग भोकं मापायची, मोठ्या संस्थेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचा फोटो काढून आणायचा नि बारसं करायचं. नाव ज्याला सापडला त्याच्या मर्जीचं. सारिकानं 'गुळपोळी' ठेवलं, एकानं आपल्या बैलाचं, 'सर्जा'.

पोरं पास होऊन गेली, विषाणू काचेच्या कुप्यांत सरांच्या फ्रिजमध्ये राहिले. सर त्यांना अधूनमधून ताजे जिवाणू खाऊ घालत आणि जुन्या पोरांना फोन करत, "तुझा सर्जा मजेत हाय. तुझं कसं चाल्लंय?" पोरं बियाण्यांच्या कंपन्यांत गुंतलेली. "कोण सर्जा?" म्हणत. बायको वारल्यापासून हे फोन फारच वाढले. मी चिडवायचो, "सर, विषाणू धड जिवंतही नसतो."

"मंग तुम्ही तरी कुठं बराबर जिवंत हायत?"

यंदा प्रवेशच झाले नाहीत, विभाग बंद झाला. फ्रिज रिकामा करायचा हुकूम आला. विषाणू ठेवून घ्या म्हटलं तर बाकीच्या कॉलेजांनी हात वर केले. सरांनी सगळ्या पोरांना निरोप धाडला, "एकदा येऊन आपापला बघून जा." कुणी आलं नाही. असल्या कुप्या वाफेच्या यंत्रात मारूनच टाकाव्या लागतात. ते सरांनी स्वतःच्या हातानं केलं. बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या हातातला रिकामा ट्रे घेतला. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मोकळ्या प्रयोगशाळेत चहा घेत होतो. सारिकाचा फोन आला. बाळंतपणाला माहेरी गेलेली, निरोप आत्ता वाचला होता. "सर, रविवारी येते. लेकीला गुळपोळी दाखवायचीय. हाय ना?"

सरांनी उघड्या फ्रिजकडे पाहिलं.

"हाय की! ये बाळा, बिलकुल ये."

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "सर, फ्रिज तर रिकामा आहे." सर चहाचा कप फिरवत म्हणाले, "न्हाई म्हणलो असतो, तर ती कशाला आली असती हो?"