टंकर पाठवण्याबाबत

उस्मानाबादेतून फुटून आमचा जिल्हा नवा झाला. पाऊस मात्र वाटणीत कुणाकडंच आला नाही. मुरुडजवळच्या आमच्या वस्तीची विहीर माघातच आटली. नागुबाईची सून पाच महिन्यांची पोटुशी. ती दोन कोसांवरून घागरी आणू लागली.

अशात एका कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी परिपत्रक काढलं : 'हस्तलिखित मजकुरात आपुलकी असते. सबब जनतेने अर्ज हातानेच लिहावेत व कर्मचाऱ्यांनी उत्तरेही हातानेच द्यावीत.' परिपत्रक अर्थातच टाइप केलेलं होतं.

वस्तीतल्या दहावी झालेल्या पंचशीलानं नागुबाईच्या नावानं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : 'वस्तीला पाणी नाही. तरी एक टंकर ताबडतोब पाठवावा.'

अर्ज त्याच कार्यालयातल्या सिद्रामप्पा कारकुनाच्या टेबलावर गेला. टंकलेखन करणारा तो टंकर, असा अर्थ त्यांनी लावला आणि उलटटपाली स्वहस्ते कळवलं : 'प्रिय नागुबाई, डोळे भरून आले. पाणी नाही ते नाहीच, पण तशी तक्रार टाइप करायलाही माणूस नसावा?'

आठव्या दिवशी एसटीतून व्यंकटी टंकलेखक उतरला, कडेवर मशीन घेऊन.

"टंकर कुठाय रं?" नागुबाईनं विचारलं.

"मीच की, मावशी."

"अगं बया! किती लिटरचा हाइस तू?"

बिचाऱ्यानं आधी प्यायला पाणी मागितलं. आम्हाला लाज वाटली हो. शेवटी सुनेनंच आपल्या घागरीतलं तांब्याभर दिलं. व्यंकटी ओशाळला आणि लगेच बसून त्यानं टँकरचा अर्ज झकास टाइप केला. अर्ज परत आला. शेरा होता : 'हस्तलिखित नाही. आपुलकी आढळून येत नाही.'

"आता रं?" नागुबाई म्हणाली.

व्यंकटीनं विडीच्या बंडलाचा कागद फाडला आणि लिहिलं : 'दाजी, मी हितं तहानेनं मरायलोय. गाडी घिऊन या.' त्याचे दाजी सरकारी टँकरवर ड्रायव्हर. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, ना जावक क्रमांक, ना शिक्का. तरी दुपारी टँकर दारात! साहेबांचं खरं निघालं, हातच्या चिठ्ठीत आपुलकी असतेच.

पुढं तीन महिने एक दिवसाआड टँकर आला. मग व्यंकटीची बदली लांब लोहा गावाला झाली. नागुबाई त्याच्या मशीनवर बसून राहिली, "न्हाई जाऊ देत!" म्हणून रडली. पण हुकूम तो हुकूम. तो गेला आणि टँकरही गेला.

वशिला वाईट, हे आम्हालाही मान्य आहे. तुम्ही तर शिकली-सवरलेली माणसं, तुमच्या हातून असलं काही व्हायचं नाही. फक्त पोराच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी कुणाची तरी चिठ्ठी घेऊन गेला होतात ना, तसलीच दोन ओळींची आमच्यासाठीही आणा. जरा लवकर आणा, सुनेला नववा लागलाय.