मयेकरांची आगाऊ नोंदणी

मयेकर बिस्किटसुद्धा काठाला धरतात. आधी हात लेंग्याला पुसायचे, मग दोन बोटांत कड पकडायची. लग्नाची पत्रिका घेतात तीही तशीच. "मधे बोट लावायचं नाय, मास्तर. डाग पडतो तो जात नाय." बिस्किटावर कसला डाग पडणार, हे विचारायचं मी कधीच सोडून दिलंय.

विश्राम मयेकर माझे शेजारी. एसटीत कंडक्टर होते, त्यातली निम्मी नोकरी रत्नागिरी-दापोली गाडीवर. घामानं आणि मासळीच्या पाण्यानं ओली झालेली चिल्लर जन्मभर हाताळून हा माणूस निवृत्त झाला आणि प्रूफ नाण्यांच्या नादी लागला. प्रूफ नाणं म्हणजे बाजारात न फिरणारं, हौशी लोकांसाठी मुद्दाम काढलेलं. "याला कोणाचाच हात लागलेला नाय," असं ते इतक्या आदरानं सांगतात, की ऐकणाऱ्याला आपल्या हातांची लाज वाटावी.

ही नाणी कशी होतात, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की मयेकर सुरू होतात. "टांकसाळीत साचा आरशासारखा घासतात. नाण्याच्या चकत्या वेगळ्या झळाळून घेतात. साध्या नाण्याला यंत्राचा एक ठोका. याला दोन, वेळेला जास्त, आणि ते पण सावकाश. मग हातमोजे घालून एकेक तपासतात." न्हाव्याची कात्री थांबली, की म्हणतात, "तुमचं चालू दे."

दरवर्षी ठरावीक दिवसच नोंदणी उघडते. ती बंद झाली, की आलेल्या मागणीप्रमाणे नाणी काढायला घेतात आणि घरी नाण्याची डबी यायला कितीतरी महिने जातात. नोंदणी मोबाईलवर होते, आणि मोबाईल म्हटला की मयेकरांचे हातपाय गळतात. त्यामुळे अर्ज मी भरतो आणि ते माझ्या मागे उभे राहून माझ्या चुका काढतात.

चार वर्षांपूर्वी सुलभावहिनींचं, त्यांच्या बायकोचं, दुखणं निघालं. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत सांगितली. त्या वर्षी नोंदणी उघडली तेव्हा मयेकर म्हणाले, "नाव सुलभा विश्राम मयेकर घाला."

मी मोबाईल खाली ठेवला. वहिनींना या नाण्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. मयेकर खाली बघत म्हणाले, "तिच्या नावाची मागणी लागली, म्हणजे माल घ्यायला ती हवीच ना? तिकीट काढलेला माणूस मधेच कसा उतरेल?"

मी मनातल्या मनात हसलो, हे कबूल करतो. पण त्या वर्षीची डबी वहिनींनीच घेतली. पुढच्या वर्षीचीही. मयेकर रोज त्यांच्या उशाशी बसून नाणं कुठवर आलंय ते सांगायचे. "आज साचा घासायला घेतला असेल गो." हे त्यांना कोणी कळवत नव्हतं, सगळा कारभार अंदाजपंचे. वहिनींना जरा बरं असलं, की नाण्याचं काम झपाट्यानं पुढे सरके. त्यांनी जेवण टाकलं, की साचा परत घासायला जाई.

"माझ्या नाण्याइतका घासलेला साचा साऱ्या देशात नसेल," वहिनी मला म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी डबी लवकर आली. पुढची नोंदणी उघडायला अजून अवकाश होता. मयेकर पोस्टमनकडून पार्सल घेऊन तडक माझ्याकडे आले. "तुमच्या कपाटात ठेवा. तिला कळता कामा नये. मधे रिकामे दिवस नकोत." पुढची मागणी नोंदवून झाली, तेव्हाच ते पार्सल घरी गेलं.

यंदाही तसंच झालं. पार्सल माझ्या कपाटात आणि वहिनी अंथरुणाला खिळलेल्या. पाणीसुद्धा चमच्यानं. मी बघायला गेलो होतो तेव्हा त्यांनी मयेकरांना विचारलं, "आलं का हो माझं नाणं?"

"नाय गो. दुसरा ठोका राहिलाय."

वहिनींनी डोळे मिटले. तशाच म्हणाल्या, "त्यांना सांगा, लवकर मारा म्हणावं. दमलेय हो मी."

मयेकर उठले, माझ्याबरोबर माझ्या घरी आले. कपाट मी उघडलं. पार्सल छातीशी धरून ते तिथंच स्टुलावर बसले आणि हुंदके देऊन रडले. मीही रडलो. मग तोंड धुऊन ते घरी गेले आणि वहिनींना म्हणाले, "आलं गो तुझं नाणं."

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या.

परवा पुन्हा नोंदणी उघडली. मयेकर येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. मी चष्मा लावला, नाव काय घालू म्हणून विचारलं.

"तुमचं घाला. हल्ली पायऱ्या चढताना दोनदा थांबता तुम्ही. मी बघतो रोज."

मी माझं नाव भरलं. मग न राहवून विचारलं, "आणि तुमच्या नावानं एक?"

"माझ्या नको, मास्तर," मयेकर म्हणाले. "तिला तिकडं अजून किती वाट बघायला लावू?"