पाच खान्यांचा कागद

कालव्याच्या ऑफिसात माझी बदली झाली आणि पोस्टाच्या मागच्या खोल्यांत आम्ही बिऱ्हाड थाटलं. दुसऱ्याच दिवशी बायकोनं भिंतीवरून शेजारी विचारलं, "थोडं विरजण मिळेल का हो?" पलीकडून विरजण आलं नाही, एक छापील कागद आला. त्यावर पाच खाने होते: कोणाला, कोणाकडून, काय, कधीपर्यंत आणि पोचल्याची सही. बायकोला वाटलं, या गावात विरजणालाही परवाना लागतो. तिनं मुकाट्यानं 'काय'पुढं विरजण लिहिलं आणि 'कधीपर्यंत'पुढं 'दूध नासायच्या आत'. मग वाटी आली. पण पाचव्या खान्यात सही होईपर्यंत वाटीवरचा पलीकडचा हात काही सुटला नाही.

हे आमचे तारमास्तर व्यंकटराव. पाथरी तालुक्यातल्या त्या गावच्या पोस्टात तारेचं यंत्र होतं आणि त्यावर हा पन्नाशीचा, काटकुळा, सदा तापलेला गृहस्थ बसायचा. मूळचे उदगीरकडचे. तिकडं कुणी उरलं नव्हतं म्हणे, आणि इकडं त्यांनी कुणी जोडलं नव्हतं. तोंडी निरोपाची त्यांना चीड होती. "अमक्याला सांगा हो" असं कुणी म्हटलं की ते खिशातून कागद काढायचे. "तोंडातला निरोप वाटंत शिळा होतो," म्हणायचे. "लिवा इथं."

पण त्यांचा खरा राग वेगळाच होता, आणि तो मला रोज सकाळ-संध्याकाळ ऐकावा लागे. गावात लांबवर निरोप पाठवायची साधनं चार. पोस्टाची तार, एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोलरचा फोन, पोलीस चौकीचा वायरलेस आणि आमच्या कालव्याचा वायरलेस, ज्याच्यावर मी बसायचो. चारही शंभर पावलांत. तरी एकाचा निरोप दुसरा घेत नसे. माझ्या यंत्रावरून धरणाशी बोलायचं ते फक्त पाण्याचं. किती सोडलं, किती पोचलं, कुठं फुटलं, बस्स.

"हा जुलूम हाय, जुलूम!" तारमास्तर माझ्या खिडकीत उभे राहून ओरडायचे. "पानी सोडल्याचं तुमचं यंत्र सांगतंय, अन् मानूस मेल्याचं सांगत न्हाई? निरोप काय कुनाच्या बापाची जहागीर हाय का?"

"मास्तर, खात्याचा नियम आहे."

"खात्याचा! मानसाची शिवाशिव बंद केली म्हनतेत कायद्यानं, ती बी झाली न्हाई. अन् तुमच्या ह्या तारांची शिवाशिव कोन बंद करायचं?"

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. मोर्चे निघायचे, बंद व्हायचे, गाड्या जागच्या जागी थांबायच्या, आणि असं काही ते भर रस्त्यात बोलले की मी आधी रस्त्यावर कोण कोण आहे ते बघायचो. मग खिडकी लावून घ्यायचो. ते लावलेल्या खिडकीशीही बोलत.

खोटं कशाला सांगू, मला तेव्हा त्यांचा मनस्वी वैताग यायचा. मग एक लग्न झालं. वऱ्हाडाची गाडी सोनपेठच्या अलीकडं बंद पडली आणि इकडं मांडवात मुहूर्त टळला. मुलीच्या बापानं तार करून विचारलं, तारेला उत्तर नाही. मुलीकडचे म्हणू लागले की नवरदेव पळाला. करवल्यांची भांडणं झाली, मुलीच्या मामानं कुणाची तरी गचांडी धरली. दुपार कलल्यावर कळलं की गाडी बंद पडल्याचा फोन स्टँडवर कंट्रोलरकडं सकाळीच आला होता. मांडव स्टँडच्या समोर! कंट्रोलर शांतपणे म्हणाला, "मला कुनी इचारलं न्हाई." तारमास्तर त्याच्या अंगावर असे धावून गेले की लग्नातली भांडणं सोडून लोक त्यांना आवरायला पळाले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस वेडा आहे, पण चुकीचा नाही.

त्यांचा उपाय सोपा होता. सगळ्यांनी एकच कागद वापरायचा. पाच खाने, तेच, त्याच क्रमानं. तार असो, फोन असो, वायरलेस असो, की एस.टी.चा कंडक्टर असो, ज्याच्या हाती कागद आला त्यानं खाने वाचायचे आणि कागद पुढच्याच्या हाती द्यायचा; पोचल्याची सही झाली की तो धाडणाऱ्याकडं परत. यंत्र कुणाचं, खातं कोणतं, हे विचारायचं नाही. मानवतच्या छापखान्यातून त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे कागद छापून आणले आणि धरणावर, स्टँडांवर, धरणापलीकडच्या साखर कारखान्यांवर पोस्टानं धाडले. उत्तर एकाचंही आलं नाही. पाथरीच्या एका हॉटेलात मला त्याच कागदावर भजी मिळाली. 'काय' या खान्यावर नेमकी मिरची होती. मी मास्तरांना हे सांगितलं नाही. माणसाला किती तापवायचं त्यालाही काही सुमार असतो.

आणि मग त्या मार्चमध्ये जिजाचं हॉलतिकीट आलं.

जिजा लिंबाजी ऊसतोडवाल्याची पोर. दहावीचा फॉर्म भरला होता, पण हजेरी कमी म्हणून तो अडकला आणि हॉलतिकीट येणार नाही असं शाळेनंच सांगून टाकलं. मग लिंबाजीनं तिला धाकट्या भावंडांना सांभाळायला टोळीबरोबर नेलं, लांब, धरणाच्या पलीकडच्या एका कारखान्यावर. आणि परीक्षा सोमवारी असताना शुक्रवारी सकाळी हॉलतिकीट शाळेत येऊन पडलं! हेडमास्तर ते हातात नाचवत पोस्टात आले. "तार करा मास्तर. पोरीचं वरीस जाईल."

"वरीस?" तारमास्तर उसळले. "औंदा परीक्षा हुकली की लगीन लावतेत, अन् फुडच्या हंगामाला ती कोयता धरती. जलम जातोय तिचा, वरीस काय घेऊन बसलाव!"

तार केली तर ती कारखान्याजवळच्या पोस्टापर्यंत जाणार आणि तिथंच पडणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पालं उसाच्या फडात, फड रोज बदलणार. पत्ता काय घालायचा? त्यांनी कागद काढला, खाने भरले आणि यंत्राकडं ढुंकूनही न बघता रस्ता ओलांडून माझ्याकडं आले. ओरडले नाहीत. कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि उभे राहिले. नेहमीसारखे ओरडले असते तर मी नियम सांगितला असता.

मी वायरलेस उचलला आणि पाण्याच्या आकड्यांनंतर धरणावरच्या ऑपरेटरला म्हणालो, "लिहून घे. पाच खाने आहेत." मग तो म्हणाला, "थांबा, तसला छापील कागद हाय माझ्याकडं. टेबलाच्या पायाखाली दिलाय." टेबल डुगडुगतं ठेवून त्यानं निरोप उतरवला आणि कारखान्याकडं जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरला दिला. कंडक्टरनं गेटवर दिला. तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा माणूस रोज प्रत्येक टोळीपर्यंत जातोच, गेटवाल्यानं त्याच्या पिशवीत टाकला. यातलं कुणी कुणाला ओळखत नव्हतं.

हे आम्हाला मागाहून कळलं. तोवर शनिवारचा आख्खा दिवस तारमास्तर स्टँडवर उभे. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जायचे आणि परत यायचे. रविवारी माझ्याच्यानंही घरी बसवेना. दुपारच्या गाडीतून जिजा उतरली. पायात चप्पल नव्हती, हाताला उसाच्या पाचटानं कापलेलं, आणि मुठीत तो कागद. तारमास्तरांनी पोरीकडं न बघता कागद ओढून घेतला आणि पाचवा खाना बघितला.

"ही सही हाय का?" ते खेकसले. "वाचता येती का ही? परीक्षेत असंच लिवनार हाईस?"

जिजा घाबरून रडायच्या बेतात आली. मग त्यांनी स्वतः हॉलतिकीट तिच्या हातात दिलं, परीक्षेचं केंद्र पाथरीला होतं म्हणून तिला पाथरीच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरलाही एक कागद भरून दिला. 'काय'पुढं लिहिलं होतं: मुलगी एक.

माझ्या वाट्याला आला मेमो. शासकीय वायरलेसचा खासगी वापर, तीन दिवसांत खुलासा. पाणी वेळेवर पोचलं नाही तेव्हा कुणी कुणाला मेमो दिल्याचं मला आठवत नाही! मी गुळमुळीत माफीनामा लिहीत होतो, तो मास्तरांनी फाडला आणि खुलासा स्वतः लिहिला. 'कालव्यातून पाणी जाते, ते कोणाच्या शेतात जाते हे पाणी विचारत नाही', अशी त्याची सुरुवात होती. मला दुसरा मेमो आला. त्यात एक शब्द 'उद्धटपणा' होता. मी तोही मास्तरांना दाखवला, तर म्हणाले, "कागदाला पोचल्याची सही केली का तुमी?"

जूनमध्ये निकाल लागला. त्या दिवशी पाथरीहून कालव्याच्या जीपवाल्यानं मला एक पाच खान्यांचा कागद आणून दिला. त्याला तो कंडक्टरनं दिला होता, कंडक्टरला परीक्षा झालेल्या शाळेच्या शिपायानं; निकाल तिथंच लागला होता. मी पहिला खाना वाचला आणि तसाच उठून पोस्टात गेलो.

मास्तरांनी हातात घेऊन लगेच परत केला. "हे इथलं न्हाई. वर नाव बगा ना, कुनाचं हाय ते."

"बघितलं. तुमचंच आहे."

त्यांनी पुन्हा घेतला. 'कोणाला'पुढं लिहिलं होतं: तारमास्तर. 'कोणाकडून': जिजा लिंबाजी. 'काय': पास झाले. काम काही नाही, तुम्हाला सांगायचं होतं. 'कधीपर्यंत': सवडीनं. अक्षर आता चांगलं वाचता येत होतं.

गावभरचे निरोप या माणसाच्या बोटांखालून गेले होते. पहिल्या खान्यात त्यांचं नाव असलेला कागद आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघत होतो. एवढी वर्षं त्यांना एखादा कागद धाडावा हे मला कधी सुचलंच नव्हतं, याची मला लाज वाटली.

ते बराच वेळ वाचत बसले. चार ओळींना एवढा वेळ लागत नाही. मग त्यांनी कागदाची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"मास्तर, पाचवा खाना?" मी म्हणालो. "सही करा, जीपवाला थांबलाय. कागद परत जायला पाहिजे ना?"

त्यांनी खिशावर हात ठेवला.

"पोचलं म्हनून सांगा तिला."

"तोंडी?"

"तोंडी!" ते माझ्यावर ओरडले. "अन् उभे काय ऱ्हायलाव? जावा की, जीप जाईल."