नागूअप्पा आणि मोटारीचा टप

मोटारीचा टप खाली करायच्या आधी नागूअप्पा सगळ्यांना गप्प बसवायचे. सगळ्यांना म्हणजे वकीलसाहेबांनासुद्धा. नांदेडच्या अदालतीत ज्यांचं बोलणं मुन्सिफही तोडत नसत, ते आमचे साहेब स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या मोटारीशेजारी ओठ मिटून उभे राहत. अप्पा चपला काढत, डाव्या बिजागरीला कान लावत आणि म्हणत, "हां, आता तिला बोलू द्या."

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी वकीलसाहेबांकडे मुन्शी होतो. दावे लिहायचे, नकला काढायच्या आणि साहेबांच्या शिफारशीवर एक दिवस आपणही वकिलीच्या परीक्षेला बसू, अशी आशा करायची. मोटार हैदराबादेहून आणलेली, कापडी टपाची. लोखंडी कमानींवर ताणलेलं जाड कापड, ओढलं की मागे मिटत जायचं. बायका बसल्या की टप वर आणि पडदे खाली. साहेब मिरवायला निघाले की टप खाली.

अप्पा मूळचे खोगिरं शिवणारे. साहेबांनी घोडा विकला तेव्हा त्यांनीही जायला हवं होतं. पण नव्या मोटारीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "हिला टाके हायेत," आणि राहिले. ड्रायव्हर येत, जात. अप्पा मोटारखान्यातच झोपत. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. होता तो टप.

त्याचे लाड म्हणाल तर ऐका. उंदीर शिरू नयेत म्हणून घड्यांत कडुनिंबाचा पाला. लोखंडाला कापड घासू नये म्हणून मधे साहेबांची जुनी धोतरं. आणि अप्पांच्या मते साहेबांची धोतरं फार लवकर जुनी होत. टप मिटताना दोन्ही बाजू एकदम खाली यायला हव्यात, म्हणून समोरच्याच्या श्वासाशी श्वास जुळवायचा. कुठे अडलं तर, "जोर न्हाई लावायचा. इचारायचं." मग ते बिजागरीला खरंच विचारत, "का गं, काय झालं?" आणि कापडाची चिमटलेली घडी बोटाने सोडवत.

ओला टप मिटायचा नाही, हा तर कायदाच. उमरीला साहेबांच्या भाच्याची वरात होती. दुपारी एक सर पडून गेलेली, टप ओला. वाजंत्री सुरू झाली, नवरदेव आत टपाखाली, बाहेरून फक्त त्याचे गुडघे दिसत होते.

मुलीचे मामा तणतणत आले. "अहो, टप काढा की! नवरदेव दिसंना!"

"त्याला जल्म पडलाय दिसायला," अप्पा म्हणाले. "कापड वलं हाय. आत्ता मिटलं तर कुजंल."

"लोक काय म्हणतील?"

"गुडघे चांगले हायेत म्हणतील."

वरात तशीच निघाली. उमरीच्या बायकांनी वाकून वाकून नवरा पाहिला.

असा हा माणूस एकदा आठ दिवसांच्या रजेवर निघाला. लातूरला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. जायच्या आधी तीन दिवस त्यांनी मला शिकवलं. ड्रायव्हरला नाही, मला. मी लिहिणारा, म्हणजे माझा हात हलका, असा त्यांचा हिशेब. "मुन्शीजी, रोज सकाळी एकेका सांध्याला एरंडेलाचा एक थेंब. एरंडेलच. दुसरं कोणतं तेल दाखवायचं बी न्हाई तिला."

मला हसू आलं. तेल ते तेल.

दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून एरंडेलाची बाटली फुटली. बाजारात जायचा कंटाळा केला आणि स्वयंपाकघरातून वाटीभर करडईचं तेल आणलं. सांधे असे सुळसुळ चालू लागले की मला वाटलं, अप्पांचे नखरे उगाचच. करडईचं तेल सुकलं की डिंकासारखं चिकटतं, हे आमच्याकडे तेलाचा डबा पुसणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. वर उन्हाळा.

आठव्या दिवशी नवे तालुकदार साहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टरच, आले. स्टेशनवरून त्यांना आणताना उन्हासाठी टप वर होता. गावाच्या तोंडाशी वकीलसाहेबांना वाटलं, आपल्या शेजारी कोण बसलंय ते लोकांना दिसायला हवं. "टप खाली!" ड्रायव्हर एका बाजूला, मी दुसऱ्या. टप अर्ध्यात अडला. साहेब ओरडले, "ओढा!" मी ओढला. कमान कडाडली, कापड टरकन फाटलं आणि सगळं लोढणं तालुकदार साहेबांच्या डोक्यावर बसलं. आतून शांत आवाज आला, "वकीलसाब, ये पर्दा हमारे वास्ते है क्या?"

त्या संध्याकाळी अप्पा लातूरहून परतले. लग्नाच्या बुंदीचा पुडा हातात तसाच, ते सरळ मोटारीपाशी गेले. सांध्यावर बोट फिरवलं, वास घेतला, बोट जिभेवर ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

वकीलसाहेब गरजले, "कोणतं तेल घातलं होतं? कुणी?"

अप्पा गप्प राहिले. मीही. अंगणात कुणीतरी खोकलं.

"मीच जी," अप्पा म्हणाले. "जाताना. एरंडेल सरलं व्हतं."

"उद्यापासून येऊ नकोस."

त्यांनी बुंदीचा पुडा माझ्या हाती दिला, चपला घातल्या आणि गेले. पुढल्या महिन्यात साहेबांनी माझी शिफारस केली.

दोन वर्षांनी, सनद मिळाल्यावर, एका खटल्याच्या पेशीसाठी लातूरला गेलो. अप्पा बहिणीकडे राहत होते. अडत बाजारात पोती शिवत. मला पाहून त्यांनी सुई खाली ठेवली, पोत्यावर जागा केली, चहा मागवला.

"अप्पा," मी म्हणालो, "ते तेल..."

"करडईचं. जिभेला लागलं तवाच कळलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो व्हतो जरा." ते बशीत चहा ओतत म्हणाले, अगदी साध्या आवाजात. "तुम्ही बोलंनात. मग कुणीतरी बोलाया पायजे व्हतं ना."

त्यांनीच विषय बदलला. "ते राहू द्या. ती कशी हाय आता? कोण बघतं तिच्याकडं?"

मोटार साहेबांनी वर्षापूर्वीच धर्माबादच्या एका ठेकेदाराला विकली होती. त्याने टप करवतीने कापून फेकला आणि मागे कापसाची बोंदरी, ती भलीमोठी पोती, भरायला सुरुवात केली. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मी बघतो," मी म्हणालो.

"सोता?"

"स्वतः."

अप्पा सरकून जवळ आले. बाजूच्या हमालाला त्यांनी कोपराने ढोसलं. "ऐक रे, वकील झाले तरी सोता बघतात!" मग मला म्हणाले, "सांगा. पहिल्यापासून सांगा. ती कमान कुणी सरळ केली?"

माझी पेशी दुपारची होती. ती हुकली. दिवे लागेपर्यंत मी त्यांना नसलेल्या टपाची हकीकत सांगत होतो.