काका, कक्का आणि हत्तीची खुर्ची

हुबळीच्या होसमनी कॉलनीत राहणारे श्री. चन्नबसव वीरेश अंगडी, वय वर्षे अडीच, यांनी येत्या जूनच्या आत डायपरचा त्याग करून खुर्चीचा स्वीकार करावा, असा ठराव अंगडी कुटुंबाच्या बैठकीत एकमताने मंजूर झाला. श्री. चन्नबसव बैठकीला जातीने हजर होते. चर्चा चालू असतानाच त्यांनी आपले मत टेबलाखाली नोंदवले. ते फडक्याने पुसून काढल्यावर मंजुरी एकमताची झाली.

ठराव मांडला होता चन्नूच्या आईने, गिरिजाने. ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. रजा वाढवून वाढवून आता इतकी ताणली होती की प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं, कॉलेज उघडेल त्या दिवशी या, नाहीतर येऊच नका. मग चन्नूला ठेवायचं कुठे? कॉलनीत बालवाडी एकच, आणि तिथल्या सरोजा मिसचा नियमही एकच.

"आम्ही फक्त स्वावलंबी मुलं घेतो," मिस म्हणाल्या होत्या. "मुलानं स्वतः सांगावं, स्वतः जावं, स्वतः बसावं. आम्ही घरी येऊन परीक्षा घेतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुढच्या वर्षी या. फार गोड आहे हो बाळ."

थोडक्यात, गिरिजाची सगळी केमिस्ट्री आता चन्नूच्या पोटातल्या केमिस्ट्रीवर अवलंबून होती.

मोहिमेची सूत्रं अज्जांनी हातात घेतली. अज्जा म्हणजे गिरिजाचे सासरे. ते पाटबंधारे खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना अधीक्षण करायला काहीच मिळालं नव्हतं.

"तू निर्धास्त राहा, गिरिजव्वा," ते म्हणाले. "प्रवाहाचं नियमन हाच तर माझा विषय!"

पहिल्या टप्प्यात खुर्ची आली. लाल प्लास्टिकची, पुढे हत्तीचं तोंड, मध्ये भोक. अज्जांनी नारळ फोडून तिचं उद्घाटन केलं आणि नातवाला तीत विराजमान केलं. चन्नूला खुर्ची बेहद्द आवडली. सकाळी उठला की तो थेट खुर्चीत. दूध तिथेच, पेढा तिथेच. समोरून जाईल त्याला तो हाक मारून थांबवायचा आणि थांबला की त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. पाय हलवत तासन्‌तास बसायचा आणि काम मात्र काडीचं करायचा नाही. मग जेवणाच्या सुमारास खुर्चीतून उठायचा, शांतपणे पडद्यामागे जायचा आणि जे करायचं ते तिथे करून यायचा.

अज्जा भरल्या डोळ्यांनी बघत राहिले. "खुर्ची उबवायला शिकला की गं! आता बाकीचं काय, येईल हळूहळू."

"अज्जा, बाकीचं म्हणजेच मुख्य काम आहे!"

"असं?" अज्जा विचारात पडले. "आमच्या ऑफिसात तसं कधी कुणी म्हटलं नाही."

दुसरी अडचण भाषिक होती. आमच्याकडची बाळं त्या गोष्टीला कक्का म्हणतात. आणि आमच्याकडे चुलत्याला म्हणतात काका. मध्ये सगळं मिळून एका जोडाक्षराचं अंतर, आणि चन्नूला दात येऊन फार दिवस झालेले नसल्यामुळे तेही अंतर त्याच्या तोंडात शिल्लक राहत नसे. त्यातून त्याचा सख्खा काका संगमेश वरच्याच मजल्यावर राहायचा.

"कक्काऽऽ!" चन्नू ओरडला की संगमेश हातातली गिरमिटाची, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांची, प्लेट टाकून धावत खाली यायचा. "काय रे माझ्या राजा? काकाची आठवण आली?" तेवढ्यात आठवण फरशीवर पोचलेली असायची. उलट संगमेश दारात दिसला आणि चन्नू आनंदाने "कक्का!" म्हणाला, की अज्जा, गिरिजा आणि चन्नूचा बाप वीरेश तिघंही त्याला उचलून खुर्चीकडे पळायचे. पोरगं रडायचं, संगमेश रुसायचा.

"मला बघितलं की तुम्हाला नेमकं तेच का आठवतं?" त्याने एकदा विचारलं.

"लहानपणापासून," वीरेश म्हणाला.

अज्जांनी विषय सखोल अभ्यासाला घेतला आणि निर्णय दिला. कक्का हा शब्द मुलाच्या अंगवळणी पडलेला आहे, त्याला हात लावता येणार नाही. सबब, काका बदलण्यात यावेत.

"काका कसे बदलणार?" गिरिजाने विचारलं.

"नाव बदलायचं. नाहीतरी काका हा शब्द आपला नव्हेच, सरहद्दीपलीकडच्या मराठी लोकांचा. सगळा घोटाळा त्यांनीच केलाय. आपल्याकडे चिक्कप्पा असा अस्सल कन्नड शब्द असताना उसनवारी कशाला? आजपासून कॉलनीतले समस्त काका चिक्कप्पा!"

पोराला एक शब्द शिकवण्यापेक्षा साऱ्या कॉलनीला शिकवणं सोपं, हे अज्जांच्या खात्यातलं जुनं तत्त्व होतं. ते घरोघर फिरले. भाषाभिमानाचा प्रश्न म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येईना. दूधवाला चिक्कप्पा झाला, रखवालदार चिक्कप्पा झाला. इस्त्रीवाल्याने तर पाटीच रंगवून घेतली. संगमेश तेवढा कुरकुरला, "माझ्या पुतण्याच्या शी-शूसाठी माझंच नाव जावं?" पण त्याची हरकत दप्तरी दाखल झाली, म्हणजे कुणी ऐकली नाही.

चिक्कप्पा न झालेला एकच माणूस उरला: महंतेश काका. हे आमच्या वॉर्डातून नगरसेवकपदासाठी उभे होते, आणि त्यांचे बॅनर आधीच छापून झाले होते. कॉलनीच्या फाटकावर ते आडवेतिडवे पसरलेले, पांढरे कपडे, हात जोडलेले, दात आमच्या इस्त्रीवाल्याच्या शर्टांपेक्षा पांढरे. खाली मोठ्या अक्षरांत 'सर्वांचे काका'. आणि दिवसभर त्यांची रिक्षा भोंगा लावून कॉलनीला घिरट्या घालायची, "काम म्हणजे काका! काका म्हणजे काम!"

आता चन्नूच्या बाजूने बघा. घरात, दारात, कुठेच कुणी तो शब्द उच्चारत नाही. आणि एक हसरा माणूस फाटकावरून हात जोडून, रिक्षातून ओरडून, सकाळ-संध्याकाळ विनवतोय: कक्का! कक्का! इतक्या नम्रपणे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गिरिजा त्याला घेऊन भाजी आणायला निघाली, चन्नू बॅनरखाली थांबला, वर बघून खणखणीत "कक्का!" म्हणाला, खाली बसला आणि काम करून मोकळा झाला.

"यव्वा!" गिरिजा तिथेच नाचायला लागली. रखवालदार चिक्कप्पा बघतच राहिला. "तायी, फाटकाची घाण झाली आणि तुम्ही नाचताय?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पण बॅनर नसेल तिथे काही नाही. तेव्हा संगमेशने डोकं लढवलं. महंतेश काकांनी घरोघर वाटलेलं कॅलेंडर होतं, बाराही महिने तोच चेहरा. ते मोरीलगतच्या बोळात, हत्तीच्या खुर्चीसमोर टांगलं. चन्नूने बघितलं, नाव घेतलं, बसला, झालं! अज्जांनी पेढे वाटले.

"माझं नाव काढून घेतलंत," संगमेश पेढा खात म्हणाला, "पण कामाला शेवटी काकाच आला की नाही?"

परीक्षेचा दिवस उजाडला. सरोजा मिस आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, "आज आमचे अध्यक्षही येणार आहेत. शेवटची मंजुरी त्यांचीच असते ना. आपले महंतेश काका."

गिरिजाने हातातला कप तसाच खाली ठेवला. ती बोळात धावली, कॅलेंडर उतरवलं आणि गादीखाली कोंबलं. कारण नगरसेवक होऊ घातलेल्या माणसाला तो कुठे लटकतोय हे दाखवणं शहाणपणाचं नव्हतं. पण कॅलेंडर गेलं आणि मोहीमच गेली. चन्नू खुर्चीत बसला, पाय हलवले, दूध मागितलं, मिसना हाक मारून थांबवलं आणि त्यांच्याकडे बघितलं नाही.

"बसतो छान," मिस म्हणाल्या. "पण पुढे?"

"पुढचं विचाराधीन आहे," अज्जा म्हणाले.

चन्नू खुर्चीतून उठला आणि सावकाश पडद्याकडे निघाला. पडदा म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गिरिजाला डोळ्यांसमोर कॉलेजचं बंद होणारं फाटक दिसलं. वीरेशने तिचा हात धरला. संगमेशने डोळे मिटले. पडदा हलला.

तेवढ्यात दारात गाडी थांबली, आणि काकांच्या मागून आलेल्या कार्यकर्त्यांनी निव्वळ सवयीने घोषणा दिली, "काम म्हणजे?"

"काकाऽऽ!"

पडद्यातून एक डोकं बाहेर आलं. दारात साक्षात तोच माणूस, पांढरे कपडे, हात जोडलेले, सगळे दात. चन्नूचा चेहरा उजळला. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी कॅलेंडरातून उतरून आला!

"ओळखलंस का, बाळ?" महंतेश काका वाकून म्हणाले. "कोण मी?"

"कक्का!" चन्नू बोट रोखून गरजला. मग चालत बोळात गेला, स्वतः चड्डी उतरवली, स्वतः खुर्चीत बसला, आणि अध्यक्षांच्या डोळ्यांत डोळे घालून, नजर न हलवता, काम पार पाडलं. आवाजासकट. मग कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण काकांसमोर काहीही झालं की वाजवायच्या, एवढंच त्यांना माहीत होतं.

काका कार्यकर्त्यांकडे वळले. "बघा रे, बघा! एवढंसं पोर, माझं नाव घेतलं आणि कामाला लागलं! नाहीतर तुम्ही. वर्षभर ओरडतोय, एकाचं हालत नाही."

"स्वतः सांगितलं, स्वतः गेला, स्वतः बसला," सरोजा मिस म्हणाल्या. "प्रवेश पक्का."

"आणि माझा मोठा फोटो बालवाडीत लावा," काकांनी हुकूम सोडला. "पोरांना प्रेरणा मिळाली पाहिजे. कुठे लावायचा, ते ही आमची तंगीच, धाकटी बहीणच, सांगेल."

गिरिजाने खाली मान घालून, अत्यंत नम्रपणे, जागा सांगितली. असं म्हणतात की आता बालवाडीतली झाडून सगळी मुलं वेळच्या वेळी मोकळी होतात आणि आजूबाजूच्या वॉर्डांतूनही फोटोला मागणी आहे. काका निवडूनही आले. संगमेश मात्र अजून चिक्कप्पाच आहे.

कॉलेज उघडलं त्या दिवशी गिरिजा वेळेवर हजर झाली. रुजू करून घ्यायची एक सही तेवढी ऑफिसातून व्हायची होती. तिथले बाबू खुर्चीत बसले होते. चहा पीत होते, पाय हलवत होते. त्यांनी तिला हाक मारून थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं नाही. ती उभी राहिली. उद्या या म्हणाले. ती उद्या गेली, परवा गेली. मग एके दिवशी तिला काय सुचलं कोण जाणे, ती टेबलावर वाकून हळूच म्हणाली, "मी त्या महंतेश काकांच्या कॉलनीतली."

बाबूंचा चेहरा उजळला. काम तिथल्या तिथे झालं.

घरी येऊन तिने चन्नूला उचललं आणि हसत सुटली, ते पार ठसका लागेपर्यंत. तुम्हीही हसताय ना? हसा. पण परवा तुमचं ते काम अडलं होतं, तेव्हा खिडकीशी वाकून तुम्ही हळूच कुणाचं नाव घेतलंत? गिरिजाने चन्नूच्या डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणाले, काळजीचं कारण नाही, तिसरं सरलं की मुलं फोटोशिवाय करायला लागतात.

तुम्हाला, माफ करा, आता कितवं चाललंय?