बदली प्रेशर

मेडिकल तपासणीचा दिवस जवळ आला की बस ड्रायव्हरची झोप उडायची. एरवी गडी खमक्या. वळणावर ट्रक अंगावर आला तरी एक शिवी हासडून मोकळा व्हायचा. पण डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरायला घेतली, की तो पट्टा गळ्याभोवतीच आवळल्यासारखं त्याला वाटायचं. गेल्या दोन्ही वेळा प्रेशर जास्त निघालं होतं. पुन्हा निघालं तर स्टिअरिंग काढून घेऊन हातात बस धुण्याचा पाइप देऊ, असं डेपोच्या साहेबांनी बजावलं होतं.

बिचाऱ्याने मीठ कमी केलं, सिगारेट सोडली, पहाटे उठून चालायला लागला. बायकोने तर घरातली भांडणंही बंद केली, आणि त्या शांततेने तो आणखीच धास्तावला.

शेवटी त्याला दादा आठवला. दादा म्हणजे थोरला भाऊ. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीत बसायचा. नळ कोरडे पडले की लोक येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि दादा मान हलवून "बघतो हं" म्हणायचा. त्याचा चढलेला आवाज बायकोनेसुद्धा कधी ऐकला नव्हता. चेहरेपट्टी मात्र दोघा भावांची एकच, आणि ड्रायव्हरच्या ओळखपत्रावरचा फोटो इतका जुना, की तो कुणाच्याही नावावर खपला असता.

"दादा, माझ्याऐवजी तू जा. नुसता दंड पुढे करायचा."

"अरे, पण हे बरं दिसतं का?"

"न दिसायला काय झालं? तुझ्याइतकं थंड डोकं आहे कुणाचं? पोरं लहान आहेत रे माझी."

दादाने नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं, आणि नेहमीप्रमाणे हो म्हटलं.

मेडिकलच्या दिवशी ड्रायव्हर दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहिला. दादाच्या मागून गेलेले तिघेजण दाखले घेऊन घरी गेले. मग दार उघडलं आणि व्हीलचेअरवर बसलेला दादा बाहेर आला. गळ्यात ड्रायव्हरचं ओळखपत्र. मागे नर्स, तिच्यामागे खुद्द डॉक्टर.

"तुम्ही भाऊ ना यांचे?" डॉक्टर म्हणाले. "चेहऱ्यावरूनच कळतंय. प्रेशर दोनशेवीसवर गेलंय. दोन्ही दंडांवर पाहिलं, शांत बसवून पुन्हा पाहिलं. ॲडमिट करावं लागेल."

"पण याचं कधी डोकंसुद्धा दुखलं नाही हो!"

"तेच तर वाईट. आतल्या आत वाढत राहतं, पत्ता लागत नाही. डोळे तपासले मी. बरीच वर्षं मुरलेलं दुखणं आहे."

दादा खजील होऊन भावाकडे बघत होता. "सॉरी रे," तो कुजबुजला, "माझ्यामुळे तू नापास झालास."

भरीत भर म्हणजे दवाखान्याने फायलीतल्या नंबरावर फोन केला आणि ड्रायव्हरची बायको रडत धावत आली.

"घाबरू नका," नर्स म्हणाली, "तुमचे मिस्टर शुद्धीवर आहेत."

बायकोने दादाला निजवलेल्या कॉटकडे पाहिलं. "अगं बाई, भावजी!"

नर्सच्या भुवया वर गेल्या. "नवऱ्याला भावजी म्हणता?"

"धक्का बसलाय तिला," ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला.

एवढ्यात डॉक्टर फाइल चाळत आले. "दमा नाही यांना. मग हे इंजेक्शन चालेल."

दादाला लहानपणापासून दमा होता. ड्रायव्हर झटकन कॉटवर वाकला. "दम्याचं सांगितलंस ना त्यांना?"

"विचारलं होतं त्यांनी. नाही म्हणालो. तुला कुठे दमा आहे?"

"डॉक्टर," ड्रायव्हरने विचारलं, "समजा, दमा असलेल्या माणसाला हे दिलं, तर?"

"श्वास कोंडेल. पण यांचं तसं काही नाही."

नर्सने सुई वर धरली. ड्रायव्हरला स्टिअरिंग आठवलं, पोरं आठवली, आणि तो किंचाळला, "थांबा! हा मी नाही!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मी हा आहे," तो स्वतःच्या छातीवर हात आपटत म्हणाला. "फाइल माझी आहे, माणूस माझा भाऊ आहे. दमा त्याला आहे."

डॉक्टरांनी नर्सला हाताने थांबवलं. औषध बदललं, दादाचं प्रेशर हळूहळू उतरू लागलं. मग त्यांनी ड्रायव्हरला स्टुलावर बसवून त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. जायचं ते गेलंच होतं, त्यामुळे काळजाला उडायला आता कारणच उरलं नव्हतं. ते गपगुमान पडून राहिलं.

"नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "बस चालवायला काहीच हरकत नाही."

त्यांनी तंदुरुस्तीचा दाखला लिहिला. दुसऱ्या कागदावर, त्या दाखल्यासाठी ड्रायव्हरने काय उद्योग केला ते लिहिलं, आणि दोन्ही एकाच पाकिटात घालून डेपोला पाठवले. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. बस धुवायलासुद्धा येऊ नका म्हणाले.

ड्रायव्हरने दादाला सांगितलं. दादा कोपर टेकून उठून बसला.

"नोकरी गेली? एका इंजेक्शनापायी? गाढवा, तोंड बंद ठेवता येत नव्हतं तुला? पोरांना काय घालशील आता? आणि मी काय पायपुसणं आहे का, हवं तेव्हा पाय पुसायला?"

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. दादाचा आवाज चढतच गेला. भावावरून तो पाणीपुरवठ्याच्या साहेबांवर घसरला, तिथून खिडकीसमोर येऊन गेलेल्या एकेकावर. नर्स पळत आली. "अहो, हळू! प्रेशर वाढेल!"

"बोलू द्या त्याला, सिस्टर," ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला. "फार साचलंय त्याचं."

बोलता बोलता दादाला धाप लागली. ड्रायव्हरने पाण्याचा ग्लास त्याच्या ओठांना लावला. दोन घोट घेऊन दादा पुन्हा सुरू झाला.